सूर्य कुठला धरायचा

आमच्या निपाणीत तंबाखू धर्मात बसते आणि बटाटा बसत नाही. यात कुणाला हसू येत असेल तर त्यानं गावाबाहेर जाऊन हसावं, कारण आमची अख्खी जैन गल्ली तंबाखूवर उभी आहे आणि बटाट्यावर कुणीच उभं नाही. तंबाखूचं पान जमिनीच्या वर, उन्हात, चारचौघांदेखत वाढतं. बटाटा जमिनीखाली अंधारात काय करत असतो आणि त्याच्या सोबतीला किती जीव असतात, ते त्यालाच माहीत. म्हणून बटाटा, कांदा, लसूण, रताळं ही मंडळी आमचा उंबरा ओलांडत नाहीत. तंबाखू मात्र पोत्यांनी येते, सोप्यात मुक्काम करते आणि घरातल्या सगळ्यांना शिंकायला लावते.

आण्णासाहेब हे आमच्या गल्लीतले सगळ्यात मोठे तंबाखूवाले. पस्तीस साली ते एकदा बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाला नमुना दाखवायला गेले. साहेबानं नमुना हुंगला, शिंकला आणि उतारा म्हणून खिशातला क्युबाचा चिरूट पेटवला. त्या धुरात आण्णासाहेबांना स्वतःचा कारखाना दिसला. परत येताना मोटारीत त्यांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो: "आपल्या पानाचा चिरूट का हुईत न्हाय?"

याचं उत्तर क्युबात होतं. तिथं जाणार कोण? आण्णासाहेबांचे गुडघे जात नव्हते, मुलगा नव्हता. एक मुलगी होती, ब्राह्मी. मी मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी बोललो तर समोरच्याला निदान ते इंग्रजी आहे एवढं कळत होतं, आणि लग्नाचा होतो. आण्णासाहेबांनी दोन कामं एकाच गाठोड्यात बांधली. "भुजबली," ते म्हणाले, "वरीसभर तिकडं ऱ्हा, कसब शिकून ये आणि ब्राह्मीला घेऊन जा. पर पोट बाटलं तर नातं बाटलं. ध्येनात ठेव."

मला ब्राह्मी पाहिजे होती. हे एक वाक्य सोडलं तर या गोष्टीत माझ्या बाजूनं गंभीर असं काही नाही. तिच्याशी मी तोवर एकदाच बोललो होतो. तिनं विचारलं, क्युबात काय खाणार? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघून पोट भरत न्हाय," आणि आत निघून गेली. एवढ्यावर माणूस सात समुद्र ओलांडायला तयार होतो, हे मला स्वतःकडे बघूनच कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, उपाध्यांनी मला पंचांसमोर शपथ दिली. पंच आठ होते, कारण पाचांवर गावाचा विश्वास नव्हता. मांस नाही, मद्य नाही, मध नाही, कंदमुळं नाहीत, पाणी गाळल्याशिवाय नाही, आणि सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. मी सगळ्याला व्हय म्हटलं. घाईत त्यांनी आणखी काही घातलं असतं तरी व्हय म्हटलं असतं.

ब्राह्मीच्या आईनं, चंपाबाईंनी, मेतकूट, चटणी आणि पापडांचा एक डबा दिला होता. तो एडनला संपला. त्यानंतर बोटीवरच्या खानसाम्याला मी मांस नको म्हटलं, तर त्यानं मासा आणला. मासाही नको म्हटल्यावर तो काळजीत पडला आणि डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं माझी जीभ बघितली आणि अशक्तपणावर सूप लिहून दिलं. सूप कोंबडीचं होतं. विलायतेपर्यंत मी पावावर गेलो आणि विलायतेहून पुढं सफरचंदांवर.

क्युबा हा देश खास माझी परीक्षा घ्यायला काढलेला असावा. तिथं जमिनीच्या वर जे काही आहे ते डुक्कर आहे. डुक्कर नसेल तिथं डुकराची चरबी आहे. भात चरबीत, घेवड्याची उसळ चरबीत, केळ्याचे काप चरबीत. आणि जमिनीच्या खाली जे काही आहे ते मात्र शुद्ध शाकाहारी आहे. बाजारात गेलो तर रताळ्यांचे ढीग, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, सुरणाचे भाऊबंद आणि अळकुड्यांचे चुलते. भाजीवाला मला एकेक कंद उचलून दाखवायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा की यात मांसाचा कण नाही. त्याचं खरं होतं. मी मान हलवून पुढं जायचो, आणि माझ्या मागे तो बाकीच्यांना माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगायचा. पहिले काही दिवस मी केळी, ओलं खोबरं आणि ऊस यांवर काढले. हा आहार आमच्याकडे गणपतीच्या हत्तीला देतात.

चिरुटाच्या ज्या कारखान्यात मी पानं गुंडाळायला बसत होतो, तिथल्या कारकुनाला माझी दया आली. त्यानं मला मिस ड्रुसिलाच्या खानावळीत पाठवलं. ही बाई मूळची जमैकाची, त्यामुळं इंग्रजी बोलायची, आणि नारळाच्या तेलात स्वयंपाक करायची. अंगानं आमच्या बस्तीच्या दरवाजाएवढी. दर रविवारी चर्चमध्ये इतक्या मोठ्यानं गायची की पाद्री तिच्यानंतर बोलायचा.

मी तिला माझी शपथ समजावून सांगितली. हसेल म्हणून तयारीत होतो. तिनं हात पुसले आणि विचारलं, हे तुमच्या देवाचं सांगणं आहे का? मी म्हटलं, आहे.

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "लटकतं ते खायचं. लपतं ते खायचं नाही."

हेच समजावून द्यायला आमच्याकडे पंडितांना अख्खा चातुर्मास लागतो.

त्या दिवसापासून मला जेवण मिळायला लागलं. नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा, भोपळा, भेंडी, माठासारखी एक पालेभाजी, हिरवी केळी, आणि झाडावर लागणारा एक फणसासारखा गोळा, जो भाजला की पावासारखा लागतो. मी तुष्ट झालो. पण धर्म एकदा दुसऱ्याच्या हाती दिला की तो आपल्या हाती राहत नाही, हे मला भुईमुगाच्या शेंगांवरून कळलं. शेंगा आमच्याकडे चालतात. मी बाजारातून शेर-अर्धा शेर आणल्या, तर मिस ड्रुसिला पिशवीवर हात ठेवून उभी.

"या कुठं लागतात?"

मी म्हटलं, जमिनीत, पण चालतात.

"कोण म्हणतं?"

मी म्हटलं, आण्णासाहेब म्हणतात.

"आण्णासाहेब देव आहे का?"

याचं खरं उत्तर निपाणीत वेगळं आहे आणि क्युबात वेगळं. शेंगा शेजारच्या पोरांना वाटल्या गेल्या. पुढं तिनं हळदही बंद केली. मी कधी नव्हे इतका कडक जैन झालो, आणि तेही एका ख्रिस्ती बाईच्या धाकानं.

तिची ही लटकण्याची कसोटी बाजारभर पसरली. एका भाजीवाल्याला धंद्याची बुद्धी सुचली. त्यानं रताळ्यांना सुतळी बांधून गाडीच्या छपराला टांगली आणि मिस ड्रुसिलाला सांगितलं, बघा, लटकतात. तिनं एक रताळं सुतळीसकट ओढलं आणि त्याच्या पायावर टाकलं. त्यानंतर तो भोपळे विकायला लागला.

राहता राहिला सूर्य. कारखाना सुटायचा दिवस कलताना, आणि त्या दालनाच्या खिडक्या इतक्या उंच की बसल्या जागी सूर्य दिसायचा नाही. आता तिकडच्या चिरुटाच्या कारखान्यांत एक रीत आहे. कामगार वर्गणी काढून एक वाचणारा ठेवतात. तो उंच माचावर बसून दिवसभर वर्तमानपत्र नाहीतर कादंबरी मोठ्यानं वाचतो आणि खाली शेकडो माणसं ऐकत ऐकत चिरूट वळतात. सूर्य दिसायचा तो फक्त या माणसाला. त्याला माझी, म्हणजे तिथल्या बोलीत ‘हिंदी’ माणसाची, अडचण कळली. मग तो कादंबरीतल्या नायिकेला आजाऱ्याच्या खाटेवर तशीच सोडून थांबायचा, खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "हिंदी, सूर्य." लगेच अख्खं दालन म्हणायचं, "हिंदी, सूर्य." मुकादमही म्हणायचा. मी पानं टाकून पळायचो, आणि माझ्या मागे नायिका पुन्हा मरायला लागायची.

असं वर्ष गेलं. मी परत आलो. आण्णासाहेबांना सांगितलं की आपल्या पानाचा चिरूट होत नाही. आपलं पान बिडीसाठी जन्मलंय, त्याला चिरुटात गुंडाळलं तर ते चिडतं आणि फुटतं. माझा अंदाज होता की ते संतापतील. ते म्हणाले, ते ऱ्हाऊ दे, पोटाचं काय?

पोटाचा निकाल पंचांनी लावायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच बस्तीच्या मंडपात सगळे जमले. आठ पंच, मधे आण्णासाहेब, उपाध्ये, आणि खांबांपलीकडं बायका. त्यांत चंपाबाई आणि ब्राह्मीही होत्या. मी एकेक करून सगळं सांगितलं. शेंगांवर थोडी चर्चा झाली आणि मिस ड्रुसिलानं जरा अति केलं असं ठरलं. टांगलेल्या रताळ्यांवर पंचांनी तिची बाजू घेतली. "हिंदी, सूर्य" ऐकून उपाध्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मनात मांडव घातला.

तेवढ्यात जिनपाल मास्तर उठले. मास्तर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचा एक भाचा लग्नाचा होता आणि ब्राह्मीसाठी त्यांनी त्याचं नाव मागंच सुचवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तर सोडून, कारण ते केवळ सत्यासाठी उठले होते. त्यांनी उपरण्यात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. शाळेतला पृथ्वीचा गोल होता. सूर्य म्हणून त्यांनी देवापुढचा नारळ उचलला आणि उपाध्यांच्या हातात देऊन, हलवू नका म्हणून बजावलं.

"भुजबली, दुपारी बारा वाजता जेवत हुतास न्हवं?"

"व्हय, मास्तर."

मास्तरांनी गोल फिरवून क्युबा नारळासमोर आणली. निपाणी गेली पलीकडं, अंधारात. "तवा हितं रात्रीचं साडेधा वाजल्यालं असत्यात," ते म्हणाले. "म्हंजे हे सगळं गाव झोपल्यालं असताना ह्यो वरीसभर भात खात हुता."

मग एका पंचानं भीत भीत संध्याकाळच्या जेवणाचं विचारलं. मास्तरांनी हिशेब करून सांगितलं, ते पहाटेचं. खांबांपलीकडून कुणीतरी अगं बाई म्हटलं.

मी म्हटलं, मास्तर, पण तिथं माझ्या डोक्यावर ऊन होतं. मास्तर म्हणाले, शपथ कुठं घेतलीस? मी म्हटलं, इथंच, बस्तीत. "मग सूर्य बी हितलाच धरायचा. शपथ निपाणीची आन् सूर्य क्युबाचा, असं कसं चालंल?"

सांगायला वाईट वाटतं, पण हे पंचांना पटलं. जे समजत नाही ते आमच्याकडे लवकर पटतं. प्रायश्चित्तावर चर्चा सुरू झाली. एकानं उपास सुचवले. दुसऱ्यानं कोल्हापूरला मठात विचारून घेऊ म्हटलं. तिसऱ्यानं सुचवलं की यानं आता वर्षभर इथं रात्री जेवावं, कारण तेव्हा तिथं दिवस असतो, म्हणजे फिट्टंफाट. यावर बरीच मंडळी खूश झाली. मग कुणीतरी दाखवून दिलं की रात्री जेवल्याबद्दल याला परत प्रायश्चित्त द्यावं लागेल, आणि ते फेडायला पुन्हा क्युबाला पाठवावं लागेल. तिसरा पंच म्हणाला, तिकिटाचं आण्णासाहेब बघतील.

बोलता बोलता दुपार सरली. उपाध्यांचा सूर्य हातातल्या हातात खाली कलायला लागला. शेवटी मास्तर नरमाईनं म्हणाले की भुजबलीबद्दल त्यांच्या मनात काही नाही, पण निकाल लागेस्तोवर लग्नाची गोष्ट थांबवलेली बरी. आणि जाता जाता, त्यांचा भाचा कधी गावाजवळच्या वेदगंगेच्या पलीकडंसुद्धा गेलेला नाही, त्यामुळं त्याचा सूर्य एकच आहे.

आण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. दुकानाच्या फळ्या एकेक करून लावतात तसा त्यांचा चेहरा बंद होत गेला. मांडव मी मनातच घातला होता, तो मनातच काढला.

मग खांबापलीकडून ब्राह्मी उभी राहिली. पंचांसमोर मुली बोलत नाहीत. पण ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. वर्गात उभी राहायची तशीच उभी राहिली, हात मागं बांधून.

"मास्तर, एक इचारू?"

मास्तरांना मनापासून बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी आपण होऊन प्रश्न विचारलेला नव्हता. ते म्हणाले, विचार की.

"शिखरजीला दिवस आपल्या आधी मावळतो का मागनं?"

"आधी," मास्तर म्हणाले आणि आनंदानं गोल फिरवला. "शिखरजी पूर्वेला, बिहारात. तिकडं आपल्या आधी पाऊण तास तरी मावळतो."

"बरं," ब्राह्मी म्हणाली आणि खाली बसली.

आता इथं एक सांगायला पाहिजे. शिखरजीचा डोंगर म्हणजे आमचं सगळ्यात मोठं तीर्थ. तीन-चार वर्षांमागं आमचे आठही पंच रेल्वेनं तिथं जाऊन आले होते आणि तिथं डोंगरावर, मुनींसमोर, आठांनी मिळून रात्रीच्या जेवणाचा जन्मभर त्याग केला होता. परत आल्यावर निपाणीनं त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढली होती. शपथ शिखरजीची होती. जेवणं निपाणीत होत होती. आणि सूर्याची शेवटची कड दिसेस्तोवर जेवत बसण्यात आमच्या पंचांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

हे एकेकाच्या लक्षात वेगवेगळ्या वेळी आलं. आधी तिसऱ्या पंचाच्या आलं, तो एकदम खोकला. मग ते रांगेनं सरकत गेलं. शेवटी मास्तरांच्या आलं, कारण शिखरजीला तेही बरोबर होते, शपथ त्यांनीही घेतली होती आणि मिरवणुकीत सगळ्यात पुढं होते. त्यांच्या हातातला गोल आपोआप थोडा फिरला आणि थांबला.

आण्णासाहेबांनी मंडपाच्या बाहेर बघितलं. सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. शिखरजीला एव्हाना अंधार पडला असणार. निपाणीत अजून थोडं ऊन शिल्लक होतं. सकाळपासून या निवाड्याच्या नादात कुणाच्या पोटात धड काही गेलं नव्हतं, आणि ज्यानं आता शपथेच्या गावचा सूर्य धरला असता, त्याला उद्यापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नव्हता.

"मास्तर," आण्णासाहेब सावकाश म्हणाले, "आत्ता जेवायचं का न्हाय, तेवढं सांगा."

मास्तरांनी गोलाकडं बघितलं, बाहेर बघितलं आणि परत गोलाकडं बघितलं. शास्त्र आणि भूक यांच्यामध्ये इतका वेळ ताटकळलेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

"पोट ज्या गावात," ते शेवटी म्हणाले, "सूर्य त्या गावचा."

त्यानंतर निकाल वाचून दाखवायला थांबलं नाही कुणी. आठ पंच, त्यांतले दोघे काठी घेऊन चालणारे, बस्तीच्या पायऱ्या ज्या वेगानं उतरले तो वेग मी क्युबात पळतानाही गाठला नव्हता. उपाध्ये नारळ हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांना कुणी सूर्य खाली ठेवा म्हणून सांगितलंच नव्हतं. मी आपला जागेवर बसून होतो, सुटलो की लटकलो ते न कळून. आण्णासाहेबांनी वाटेतून परत येऊन माझा दंड धरला.

"काय रं, बसलास काय? चल. ऊन चाललं."

त्यांचं घर बस्तीला लागूनच. आम्ही पोचलो तोवर बायकांची मागच्या वाटेनं पोचून पानं मांडून झाली होती. आण्णासाहेबांनी मला स्वतःच्या शेजारी, त्यांच्याच पंगतीत बसवलं. ज्याचं पोट बाटलंय त्याला त्या पंगतीत कुणी बसवत नाही, आणि सोप्याचं दार सताड उघडं होतं, त्यातून निम्मी गल्ली हातात घास घेऊन बघत होती. गरम भाकरी आली, दोडक्याची भाजी आली, आमटी आली. ब्राह्मी वाढत होती. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

मी जेवणार, एवढ्यात आण्णासाहेबांनी क्युबातलं पान कसं वाळवतात ते विचारलं. सासरा होऊ घातलेल्या माणसाला तोंडभर घास घेऊन उत्तर देता येत नाही. मी घास ठेवला आणि सांगायला लागलो. ते एका बाजूनं भराभर जेवत होते आणि एका बाजूनं विचारत होते: सावलीत का उन्हात, पानाचा घाम कसा काढतात, थर किती लावतात. मी हातानं थर लावून दाखवले. त्यांचं पान स्वच्छ झालं, त्यांनी पाणी पिऊन चूळ भरली, आणि तेव्हा मी भाकरीला हात घातला.

ब्राह्मी दारात गेली. बाहेर बघितलं. परत आली आणि माझ्यापुढचं पान उचललं.

"अख्खी भाकरी हाय त्यात," मी म्हटलं.

"दिसली," ती म्हणाली. "दिस मावळला. उद्या खावा."

आण्णासाहेब तोंड पुसत होते. त्यांनी लेकीकडं बघितलं, उचललेल्या पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उद्या तुझ्या आई-आप्पास्नी घिऊन ये जेवायला," ते म्हणाले. "जरा लवकर या."